सतार आणि ऑर्केस्ट्रा ऐकायला निघताना: आमच्या बसच्या प्रवाशांसाठी

एनसीपीएच्या (मुंबईतल्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सच्या) मैफलीला आमच्याबरोबर येणाऱ्यांचा हमखास प्रश्न, “टाळ्या कधी वाजवायच्या?” मागच्या खेपेला आपल्यातल्याच एका काकांनी व्हायोलिनं अगदी हळू वाजत असताना खणखणीत “क्या बात है!” म्हटलं आणि पुढच्या दोन रांगा मागे वळल्या. काकांचं काय चुकलं? आपली मैफल दादेवरच चालते.

पण इथे, पाश्चात्त्य ऑर्केस्ट्राच्या मैफलीत, रचना तीन-चार भागांत असते. एक भाग संपला की थोडी शांतता पसरते, तेव्हा टाळी नको. कंडक्टरने, म्हणजे समोर उभं राहून वादकांना हाताने इशारे देणाऱ्याने, हात खाली घेतले, तोंड आपल्याकडे केलं, की मग मनसोक्त वाजवा.

सुरुवातीला ओबो (सनईसारखं फुंकून वाजवायचं वाद्य) एकच सूर धरतो आणि बाकीचे त्याला मिळवून घेतात. तो सूर म्हणजे पेटीची पांढरी सहा. सतारीचा सा पांढरी दोनला लावला असेल, तर हाच तिचा पंचम! पेटी शिकलेल्यांनी ही जागा चुकवू नये.

अर्ध्या तासाच्या आलापाची वाट मात्र बघू नका. ऑर्केस्ट्राचं सगळं कागदावर लिहिलेलं असतं. उपज, म्हणजे तिथल्या तिथे सुचलेलं, येते ती सतार किंवा तबला एकटा वाजतो तेव्हा, बाकीचे हात आवरून बसतात तेव्हा. ऑर्केस्ट्रातून एखादा रागाबाहेरचा स्वर आला तर तो बेसूर समजू नका, ती हार्मनी, म्हणजे मुद्दाम एकत्र वाजवलेले वेगवेगळे स्वर. रविशंकरांनी 1971 साली लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर आपला पहिला सतार कॉन्चेर्टो (एक मुख्य वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांची रचना) वाजवला, त्यात खमाज, सिंधी भैरवी, अडाणा आणि मांज खमाज आहेत. घरी ऐकून या, फार फरक पडतो. झाकीर हुसेन यांचा तबल्यासाठीचा कॉन्चेर्टो ‘पेशकार’ तर 2015 मध्ये मुंबईतच, सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाबरोबर पहिल्यांदा वाजला.

जागा निवडताना पहिल्या रांगांचा हट्ट नको. तिथे व्हायोलिनंच कानावर येतात. बाल्कनीत सगळं मिसळून येतं, शिवाय टिंपनीवाला (मोठे नगारे वाजवणारा) दिसतो.

एसी कडक असतो, शाल घ्या. खोकल्याची गोळी आधीच कागद सोडून रुमालात ठेवा, तो चुरचुर आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. मोबाइल बंदच.

रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणून डोंबिवली पूर्वेहून बस दुपारी 3 लाच सुटेल. उशीर झाला तर वादन मध्ये थांबेपर्यंत सभागृहाबाहेरच उभं राहावं लागतं. परतीला बस समुद्राच्या बाजूला उभी असेल. वडापाव बसमध्येच मिळेल.