पोपटाचा नकार

डोक्यावरची पिसं जिथल्या तिथे, तुकतुकीत. आणि मानेखाली मात्र सोललेल्या कोंबडीसारखी उघडी छाती. सोडवून आणलेल्या काकाकुवांमध्ये किंवा आफ्रिकन ग्रे पोपटांमध्ये असा पक्षी हमखास सापडतो. पक्ष्यांचे डॉक्टर त्याचं डोकं आधी बघतात. विषाणूमुळे पिसं झडत असतील तर डोकंही उघडं पडू शकतं. डोकं शाबूत आणि चोच पोचते तेवढाच भाग उजाड असेल, तर ही पिसं बहुधा पोपटाने स्वतःच उपटलेली असतात. तरी लगेच ‘मानसिक’ म्हणून मोकळं होता येत नाही. यकृताचा आजार, त्वचेचा संसर्ग, पिंजऱ्याच्या तारेतल्या जस्ताची विषबाधा, हे सगळं तपासून बाजूला सारावं लागतं. त्यानंतर उरतात एकटेपणा, रिकामपण आणि भीती.

एकटेपणा पोपटाच्या पेशींपर्यंत पोचतो. व्हिएन्नाच्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४५ आफ्रिकन ग्रे पोपटांचे टेलोमिअर मोजले होते. टेलोमिअर म्हणजे गुणसूत्रांच्या टोकांवरचं संरक्षक आवरण. वयाबरोबर आणि ताणामुळे ते झिजत जातं. एकट्याने ठेवलेल्या ९ वर्षांच्या पोपटांचे टेलोमिअर, जोडीने राहणाऱ्या आणि त्यांच्याहून २३ वर्षांनी मोठ्या असलेल्या पोपटांइतके आखूड निघाले.

रिकामपणाचा हिशोब आणखी सोपा आहे. रानातले ॲमेझॉन जातीचे पोपट खाणं शोधण्यात आणि सोलण्या-फोडण्यात दिवसाचे ४ ते ६ तास घालवतात. पिंजऱ्यात तयार गोळ्यांची वाटी समोर आली की हेच काम अर्ध्या ते सव्वा तासात उरकतं. मग राहिलेला दिवस ढकलायचा कसा? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत शेरिल मीहान आणि जॉय मेंच यांच्या गटाने काही ॲमेझॉन पोपटांना खाणं शोधावं लागेल अशी खेळणी, चावायला लाकूड, चढायला दोर दिले आणि काहींना नुसतं खाणं दिलं. नुसत्या खाण्यावरच्या पोपटांची पिसं महिन्यागणिक खराब होत गेली. पुढे त्यांनाही तीच खेळणी दिल्यावर पिसं सुधारू लागली. इतकंच नाही, तर खेळणीवाले पोपट नव्या वस्तूला कमी बुजत होते. तेव्हा सोडवून आणलेल्या पोपटाला माया लावण्याआधी मक्याचं सालासकट कणीस द्यावं, असं मी म्हणेन. फक्त पिसाचं मूळच इजा होऊन निकामी झालं असेल, तर पोपट मनाने सावरला तरी तिथे पुन्हा पीस येत नाही.

भीतीचं काम मात्र सावकाशीचं. लॉस एंजेलिसच्या पश्चिम भागात माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयाच्या आवारात ‘सेरेनिटी पार्क’ नावाचं पोपटांचं आश्रयस्थान आहे. लॉरिन लिंडनर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ते उभं केलं. मालक वारलेले, घर बदलताना टाकून दिलेले, छळ सोसलेले काकाकुवा, मकाव, ॲमेझॉन तिथे येतात आणि व्हिएतनामपासून इराकपर्यंतच्या युद्धांतून परतलेले सैनिक त्यांचे पिंजरे साफ करतात, फळं कापतात. या पोपटांना माणसासारखाच ‘पीटीएसडी’, म्हणजे भयंकर अनुभवानंतर मागे राहणारा मानसिक आजार, झालाय असं सरसकट लिहायला माझं मन धजत नाही, कारण ते निदान रुग्णाशी बोलून केलं जातं. पण पाठीमागून आलेल्या आवाजाने स्वतःच दचकणारा माणूस पिंजऱ्याजवळ धसमुसळेपणा करणार नाही, हे सहज पटतं.

पोपटाच्या भीतीवर आज जे उपाय करतात, त्यांची मुळं एका लहान मुलाच्या गोष्टीत आहेत. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या मुलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पीटर आवडीचा खाऊ खात असताना ससा लांब ठेवायचा आणि पीटर रडणार नाही इतक्याच बेताने तो जवळ आणत जायचं. सशाला न घाबरणारी इतर मुलंही त्याच्या आसपास खेळत. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला.

पोपटाच्या बाबतीत ससा म्हणजे आपण. घाबरलेला पोपट पिसं अंगाला घट्ट चिकटवतो, त्यामुळे तो अचानक बारीक दिसतो. मान उंच होते आणि एक डोळा तुमच्यावर रोखला जातो. जाणता माणूस पिंजऱ्याकडे सरळ चालत जात नाही, तिरपा जातो, टक लावून बघत नाही. मान ताणली जाऊ लागली, की तिथेच थांबतो, अर्धं पाऊल मागे घेतो. थोड्या वेळाने पिसं सैल पडतात, पोपट अंग झाडतो. मग अक्रोडाचा तुकडा वाटीत टाकायचा आणि निघून जायचं. या निघून जाण्याचं मोल अक्रोडापेक्षा जास्त असतं. ‘मी शांत राहिलो तर हा माणूस लांब जातो’ हे पोपटाला कळतं आणि अंतर किती ठेवायचं ते त्याच्या हातात येतं. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, तोच पोपट तुम्ही आलात तरी एका पायावर उभा राहून चोच कर्रकर्र घासत बसतो. ही झोपेआधीच्या निवांतपणाची खूण.

याच्या उलट रीतही सर्रास चालते. जाड हातमोजे घालायचे, टॉवेलमध्ये गुंडाळून पोपट छातीशी धरायचा आणि म्हणायचं, ‘होईल सवय.’ उपचारासाठी टॉवेल लागतोच, पण मैत्रीसाठी तो कामाचा नाही. धडपड थांबली की लोकांना वाटतं, शांत झाला. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ साली दाखवलं, की विजेच्या धक्क्यातून सुटकाच नाही हा अनुभव घेतलेली बरीच कुत्री पुढे वाट मोकळी असतानाही जागेवरून हलत नाहीत. टॉवेलातली ती शांतताही अशीच असू शकते.

आणि चावणं? पोपट उगाच चावत नाही. आधी तो पिसं आवळतो, मागे सरतो, चोच उघडून दाखवतो. इतकं करूनही हात पुढे येतच राहिला तर चावतो, आणि तेव्हा कुठे हात मागे जातो. असं चार वेळा झालं की मधल्या खुणा तो गाळूनच टाकतो. म्हणून अनुभवी लोक पोपटाचा पहिला, बारीकसा नकारही पाळतात. तो पाळला गेला की चोचीचं काम कमी होतं. तरीही जुनी भीती मेंदूतून पुसली जात नाही. तिच्यावर नवी शिकवण बसते, इतकंच. जागा बदलली किंवा एखाद्याच्या हातात झाडू दिसला की ती परत डोकं वर काढते.

इथवरचं सगळं परदेशी जातींच्या, जन्मभर माणसांतच राहणार असलेल्या पोपटांबद्दल झालं. आपल्या कीर पोपटाचं गणित उलटं आहे. कीर, पहाडी पोपट, तुईया हे आपले वन्य पक्षी. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्यांना पाळणं गुन्हा आहे, मग पिंजरा आजोबांच्या काळापासूनचा का असेना. त्यांना परत थव्यात जायचं असल्याने माणसावरचा विश्वास त्यांच्या जिवावर बेतू शकतो. ‘मिठू मिठू’ करत कुणाच्याही गॅलरीत उतरणारा कीर पुन्हा पिंजऱ्यात जातो, नाहीतर मांजराच्या तोंडी. म्हणून उपचार केंद्रात त्याच्या मिठूला उत्तर देणं टाळतात, खाणं ठेवून मुकाट्याने बाहेर पडतात, त्याला इतर किरांबरोबर मोठ्या पिंजऱ्यात सोडतात. पारध्याने कापलेली उडण्याची पिसं लगेच वाढत नाहीत. जुनं खुंट गळून नवं पीस यायला कित्येक महिने थांबावं लागतं. मग पंखांत बळ येईपर्यंत उडण्याचा सराव.

कॅरिबियन समुद्रातल्या प्वेर्तो रिको बेटावर तर पुढची पायरी गाठली गेली. बंदिवासात वाढवलेले तिथले दुर्मीळ पोपट रानात सोडण्याआधी त्यांना लाल शेपटीच्या बाजाची आकृती आणि आवाज दाखवून-ऐकवून मुद्दाम घाबरायला शिकवलं गेलं. भीती घालवण्यात इतकी वर्षं खर्च करणाऱ्या शास्त्राला इथे ती हवीशी झाली.

घरात कीर असेल आणि हे वाचून त्याला मोकळं करावंसं वाटलं, तर गॅलरीतून उडवून देऊ नका. पंख लेचेपेचे असतात, कावळे टपलेले असतात, खाणं शोधायची सवय नसते. महाराष्ट्रात वनविभागाचा १९२६ हा हेल्पलाइन क्रमांक आहे. तिथे कळवा आणि नेणारे येईपर्यंत पिंजरा अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवा.