हॉलिडे आणि होली डे: सण कोणता, सुट्टी कोणती?

डिसेंबर उजाडला की एक संदेश ठरल्या वेळी फिरू लागतो. 'हॉलिडे हा शब्द मुळात होली डे असा होता. मध्ययुगात सुट्टी म्हणजे सणच असे. पुढे होली झिजून हॉली झाले, धर्म मागे पडला आणि नुसती सुट्टी उरली,' असा त्याचा आशय असतो. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो. मध्ययुगीन इंग्लंडमधील शेतकरी वर्षाला जेमतेम दीडशे दिवस राबत असे आणि उरलेले वर्ष सणावारांत घालवत असे, तेव्हा आजच्या नोकरदाराने त्याचा हेवाच करावा, असे त्यात सुचवलेले असते. पहिला संदेश अर्धा खरा आहे, दुसरा बहुतांशी चुकीचा आहे, आणि सण व सुट्टी या दोन वेगळ्या गोष्टी एकच आहेत असे धरून चालणे हे दोन्हींच्या मुळाशी असलेले दुखणे आहे.

शब्दाची कुळकथा थोडक्यात उरकतो, कारण तिचा निम्मा भाग सर्वांना ठाऊक असतो. जुन्या इंग्रजीत 'हालिग' म्हणजे पवित्र आणि 'डॅग' म्हणजे दिवस. लिहिताना शेवटी ग दिसत असला तरी दोन्ही शब्दांत तो य-सारखा उच्चारला जाई. या दोहोंचा जोडशब्द पुढच्या काळात 'हलिडाय' असा झाला, आणि मध्ययुगीन इंग्रजीत सणाच्या दिवसाला तोच शब्द होता. आता झिजण्याविषयी. इंग्रजीत लांब स्वर असलेला शब्द जोडशब्दाच्या आरंभी आला की तो स्वर अनेकदा आखूड होतो. 'क्राइस्ट' पण 'ख्रिसमस', 'शीप' पण 'शेपर्ड', 'वाइज' पण 'विज्डम' या जोड्या त्याच नियमाच्या आहेत. सुट्या 'हालिग'मधला लांब आ दक्षिण इंग्लंडात ओ-कडे झुकला आणि त्यातून 'होली' आला. जोडशब्दातला आ मात्र आखूड होऊन 'हलिडाय' राहिला. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असलेले 'हॅलिडे' हे आडनाव त्याच जुन्या उच्चाराचा अवशेष आहे. 'हॉलिडे'मधला ऑ नंतरचा आहे आणि तो 'होली'च्या शेजारामुळे आला. म्हणजे 'होली डे' झिजून 'हॉलिडे' झालेला नाही. उलट, एकच जोडशब्द दोन अर्थ वाहत होता, आणि सोळाव्या शतकाच्या सुमारास धार्मिक अर्थ वेगळा दाखवण्याची गरज भासू लागली तेव्हा लांब स्वराचा 'होली डे' पुन्हा जुळवला गेला. ज्याला आपण मूळ रूप समजतो ते असे नंतर घडवलेले आहे.

खरी गफलत मात्र अर्थाची आहे. आधी पावित्र्य होते आणि सुट्टी नंतर चिकटली, अशी सोपी कालरेषा आखली जाते आणि ती टिकत नाही. जुन्या इंग्रजीत सणासाठी आणखी एक शब्द होता, 'फ्रेओल्स'. त्याचा अर्थ सण असा होता आणि स्वातंत्र्य असाही होता. त्याच्या मुळाशी मान मोकळी असण्याची कल्पना आहे. सण म्हणजे मानेवरचे जू उतरलेला दिवस, हे त्या भाषेने आपल्या शब्दातच नोंदवून ठेवले होते.

नवव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण इंग्लंडातल्या वेसेक्स राज्याच्या राजा आल्फ्रेडने घालून दिलेल्या कायद्यात हे जू नेमके कधी उतरायचे याची यादी आहे. नाताळचे 12 दिवस, ख्रिस्ताने सैतानावर मात केल्याचा 1 दिवस, संत ग्रेगरीच्या स्मृतीचा 1, ईस्टरच्या आधी 7 आणि नंतर 7, पीटर व पॉल या संतांचा 1, ऐन सुगीत मेरीच्या सणाआधीचा पूर्ण आठवडा आणि सर्व संतांच्या सणाचा 1, अशी बेरीज 37 भरते. हे दिवस सर्व स्वतंत्र माणसांना 'दिलेले' आहेत, आणि गुलामांना व बांधील मजुरांना ते नाहीत, असे कायदा स्पष्ट म्हणतो. नाताळ गुलामाच्याही पंचांगात होता. सुट्टी मात्र त्याच्या वाट्याला नव्हती. गुलामांना चार बुधवार दिले आहेत, ज्या दिवशी त्यांनी कोणी दान दिलेले किंवा सवडीने स्वतः मिळवलेले काही हवे त्याला विकावे. हे बुधवार वर्षातून चारदा येणाऱ्या ज्या विशेष आठवड्यांतले आहेत ते सणाचे नसून उपवासाचे आहेत. म्हणजे एकाच कायद्यात सण आहे पण सुट्टी नाही अशी माणसे आहेत, आणि सुट्टी आहे पण सण नाही असा दिवसही आहे.

याच्या दोनशे वर्षे आधीचा, वेसेक्सचा राजा इने याचा कायदा दुसरी बाजू दाखवतो. धन्याच्या हुकमावरून गुलामाने रविवारी काम केले तर गुलाम मुक्त होई आणि धन्याला 30 शिलिंग दंड पडे. गुलामाने आपल्या मनाने केले तर त्याची पाठ फोडली जाई. येथे रविवार हा कोणाचा हक्क नसून सर्वांवर घातलेली मनाई आहे. आपल्याकडे अमावास्येला गवंडी काम बंद ठेवतो, किंवा कित्येक गावांत सोमवारी बैलांच्या मानेवर जू ठेवत नाहीत, तेव्हा आपण त्याने 'सुट्टी घेतली' असे म्हणत नाही. त्याने दिवस 'पाळला' असे म्हणतो. त्या काळची इंग्रजीही असेच म्हणे: हलिडाय पाळायचा असतो. 'घेणे' आणि 'पाळणे' या दोन क्रियापदांतले अंतर ध्यानात ठेवले तर वरचे दोन्ही संदेश पुढे पाठवण्याची इच्छा आपोआप मावळेल.

तेराव्या शतकापासून बिशपांच्या आज्ञापत्रांत हा भेद अगदी रोखठोक येतो. चर्चच्या पंचांगात संतांची गर्दी एवढी होती की मोठ्या मठात बहुतेक दिवस कोणाचा ना कोणाचा असे. परंतु त्यातले बरेचसे सण केवळ गायकवृंदाचे, म्हणजे मठातल्या किंवा कॅथीड्रलमधल्या उपासनेपुरते होते. त्या दिवशी भिक्षू जादा स्तोत्रे गात आणि बाहेर गावकरी नेहमीप्रमाणे नांगर चालवत. काम थांबवून पाळायच्या सणांसाठी लॅटिनमध्ये 'फेस्टा फेरियान्दा' अशी वेगळी संज्ञा होती आणि त्यांची यादी प्रत्येक धर्मप्रांताचा बिशप ठरवत असे. सामान्य माणसाच्या तोंडचा हलिडाय मुख्यतः या यादीतला. मठाचे पंचांग उघडून त्यातली संतांची नावे मोजायची आणि तेवढ्या सुट्ट्या शेतकऱ्याच्या पदरात टाकायच्या, ही पद्धत म्हणजे आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेतल्या चतुर्थ्या, एकादश्या आणि जयंत्या मोजून सरकारी कार्यालय किती दिवस बंद असते ते ठरवण्यासारखी आहे.

या यादीतही सर्व दिवस सारखे नव्हते. 1240 साली वूस्टरचा बिशप वॉल्टर द कॅन्टिलूप याने दिलेल्या नियमांत काही सणांना सर्व कामे बंद आहेत, काही सणांना नांगराखेरीज बाकीची बंद आहेत, आणि अ‍ॅग्नेस, मार्गारेट, ल्यूसी व अ‍ॅगाथा या चार संत स्त्रियांच्या दिवशी फक्त बायकांची कामे बंद आहेत. एकाच घरात एकाच सकाळी बाईला हलिडाय आणि पुरुषाला साधा कामाचा दिवस, अशी ही व्यवस्था आहे. तिला 'धार्मिक सुट्टी' असे ठोकळेबाज नाव देऊन काहीच कळत नाही. शिवाय प्रत्येक गावच्या चर्चचा स्वतःचा संत असे, त्याचा सण त्या गावापुरता असे, आणि शेजारच्या गावाला त्याचे सोयरसुतक नसे.

मग दिवस भरतात किती? वर्षाचे 52 रविवार आणि प्रांतानुसार साधारण 40 ते 50 पाळायचे सण घेतले, आणि त्यातले काही रविवारीच येतात हे वजा केले, तर आकडा शंभराच्या आत-बाहेर राहतो. तोही सक्तीच्या कामबंदीचा आकडा आहे, आरामाचा नव्हे, कारण गायीची धार काढणे आणि चूल पेटवणे कोणत्याही संताच्या दिवशी चुकत नव्हते. दीडशे कामाच्या दिवसांचा जो आकडा फिरतो तो ज्या अर्थशास्त्रीय अंदाजातून आला, तो अंदाज मांडणाऱ्या अभ्यासकानेच नंतर तो बराच वाढवला. ही दुरुस्ती मात्र कोणी पुढे पाठवत नाही.

आणि या दिवसांचे पैसे मिळत नसत. 1402 साली इंग्लंडच्या संसदेने कायदा करून बजावले की मजुरांना आठवड्याच्या बोलीवर ठेवू नये, हलिडायची मजुरी त्यांनी घेऊ नये, आणि सणाच्या आदल्या दिवशी ते 'नून'पर्यंतच काम करत असल्याने त्या दिवसाची निम्मीच मजुरी घ्यावी. (हा नून म्हणजे मुळात सूर्योदयापासून नववा तास, म्हणजे दुपारचे तीन, तो भर दुपारी बारावर कसा सरकला ही वेगळी गंमत आहे.) असा कायदा करावा लागला, यावरून काही मजूर ती मजुरी वसूल करत होते हे उघड आहे, पण कायद्याच्या लेखी हलिडाय म्हणजे रोजंदारीवरच्या माणसाचा खाडा होता. जमीनदाराची वेठ ज्याच्या माथी होती त्या कुळाचा प्रश्न आणखी निराळा होता. वेठीच्या दिवशी सण आला तर तो दिवस बुडाला कोणाचा, कुळाचा की जमीनदाराचा, यावर घासाघीस चाले, आणि काही जहागिऱ्यांत असे सण आळीपाळीने एकदा याच्या आणि एकदा त्याच्या खात्यावर मांडण्याचा रिवाज होता. पगारी रजा या आजच्या कल्पनेचे भिंग लावून या माणसांकडे पाहणे मला तरी सहन होत नाही.

चर्चलाही हे दिवस कसे जातात याची पूर्ण कल्पना होती. 1362 साली कँटरबरीचा आर्चबिशप सायमन इस्लिप याने पाळायच्या सणांची यादी नव्याने ठरवून दिली, ती देताना त्याची तक्रारच अशी होती की भक्तीसाठी राखलेला वेळ लोक दारूच्या गुत्त्यात आणि भांडणांत घालवतात. म्हणजे पवित्र दिवस आणि मौजेचा दिवस हे दोन्ही अर्थ त्या एकाच शब्दात एकाच वेळी सुखाने नांदत होते; धर्म ओसरण्याची वाट त्यांनी पाहिली नव्हती.

एक किरकोळ गोंधळ जाता जाता. लॅटिनमधला 'फेरिया' रोमन काळात सुट्टीचा दिवस होता, पण चर्चच्या पंचांगात तोच शब्द कोणताही सण नसलेल्या साध्या वाराला लागला. पोर्तुगीजमध्ये सोमवारला 'सेगुंदा-फेइरा' म्हणतात ते याचमुळे, आणि गोव्यातल्या जुन्या पोर्तुगीज शिकलेल्या मंडळींना ते वेगळे सांगायला नको. तिथले 'फेस्त' मात्र 'फेस्टा'वरून आलेले, म्हणजे खरोखर सणाचे. इंग्रजीतला जत्रेचा शब्द 'फेअर' हाही फेरियाचाच वंशज, कारण जत्रा संतांच्या सणाला धरून भरत. लंडनच्या स्मिथफील्डमध्ये संत बार्थोलोम्यूच्या सणाची जत्रा 1133 पासून 1855 पर्यंत भरत होती. यापलीकडे या शब्दात अडकण्यासारखे काही नाही.

सण आणि सुट्टी यांची गाठ कायद्याने कशी सोडवली, ते सोळाव्या आणि सतराव्या शतकांतल्या दोन हुकमांत दिसते. 1536 साली आठव्या हेन्रीच्या राजवटीत, सण फार झाल्याने आळस वाढतो आणि उभे पीक वाया जाते असे कारण देऊन, 1 जुलै ते 29 सप्टेंबर या सुगीच्या काळातले बहुतेक सण सुट्टी म्हणून रद्द झाले. प्रेषितांचे, मेरीचे असे थोडे वगळण्यात आले. रद्द झालेल्या सणांना धर्मगुरूंनी चर्चमध्ये उपासना करायला हरकत नव्हती. फक्त त्यांनी मोठ्या सणासारख्या घंटा वाजवू नयेत आणि लोकांनी आपापल्या कामाला जावे, एवढाच हुकूम होता. संत पंचांगात राहिला आणि नांगरही शेतात राहिला. त्यानंतर 1647 च्या जूनमध्ये प्युरिटनांच्या, म्हणजे जुने विधी नाकारणाऱ्या कडव्या प्रोटेस्टंटांच्या, प्रभावाखालील संसदेने नेमके उलटे केले: नाताळ, ईस्टर आणि त्यानंतर सात आठवड्यांनी येणारा पेंटेकॉस्ट हे सण म्हणून पाळणेच बंद केले. मग नोकर, शिकाऊ कारागीर आणि विद्यार्थी यांना विसावा कधी मिळायचा, हा प्रश्न उभा राहिला, आणि त्यांच्यासाठी दर महिन्याचा दुसरा मंगळवार नेमून देण्यात आला. त्या मंगळवाराला कोणत्याही संताचे नाव नव्हते.