निवासी संकुलांतील वृक्षलागवड व आडोसा (ठाणे आणि नवी मुंबई)

गृहसंकुलाला बांधकाम परवानगी देताना झाडे, मोकळी जागा, कुंपण आणि सामासिक अंतरे (इमारत व भूखंडाची हद्द यांमध्ये सोडायची जागा) यांबाबत घातल्या जाणाऱ्या अटी. उन्हाची काहिली आणि धूळ कमी व्हावी, पावसाचे पाणी जमिनीत मुरावे, शेजारची इमारत व रस्ता यांपासून घरांना आडोसा मिळावा, हे त्यांचे हेतू. ठाणे महापालिका (स्थापना १९८२) आणि नवी मुंबई महापालिका (१९९२) यांच्या हद्दीत या अटींचा मुख्य आधार म्हणजे डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. बृहन्मुंबई तीतून वगळलेली आहे.

भूखंड ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठा असेल तर त्यातील १० टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवावी लागते; बोलण्यात हिला ‘आरजी’ (रिक्रिएशन ग्राउंड) म्हणतात. बांधकाम २०,००० चौ.मी. वा अधिक असल्यास पर्यावरण मंजुरीही लागते आणि तिच्या अटींत सहसा दर ८० चौ.मी. जमिनीमागे एक झाड मागितलेले असते, म्हणजे हेक्टरी १२५. रोपांचा आकडा भरणे सोपे आहे. खरी टंचाई उघड्या मातीची. ठाण्यातील घोडबंदर रोडवरच्या टॉवरांत तळघर आणि पार्किंगचा पोडियम (इमारतीच्या पायथ्याचा रुंद चौथरा) भूखंडाचा मोठा भाग व्यापतात आणि बाग पोडियमवर चढते. तिथे स्लॅबवर वॉटरप्रूफिंग, निचऱ्याचा थर आणि वर लाल मातीचा मर्यादित थर असतो. त्यात लॉन, चाफा, पाम तग धरतात. आंबा, जांभूळ, कदंब यांना हवी तेवढी खोली मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मुंबईच्या तेव्हाच्या नियमावलीबाबत निकाल देताना आरजी जमिनीच्या पातळीवरच हवी असे म्हटले होते. मुळांच्या दृष्टीने पाहिले तर ते ठाणे-नवी मुंबईतही तितकेच लागू पडते.

कुंपणाची भिंत रस्त्याच्या मध्यरेषेच्या पातळीपासून १.५ मीटरपर्यंत उंच बांधता येते. ती २.४ मीटरपर्यंत नेता येते, पण वरचे ०.९ मीटर जाळीदार हवे. कोपऱ्याच्या भूखंडावर चौकाजवळच्या १० मीटर लांबीत भरीव भाग ०.७५ मीटरच ठेवायचा, म्हणजे वळणारी गाडी आणि चालणारा माणूस एकमेकांना दिसतात. त्यामुळे असा कोपरा सोडून इतरत्र वरचा आडोसा झाडांनीच द्यायचा असतो. मेंदी, जास्वंद, अडुळसा यांचे कुंपण ते काम उत्तम करते.

प्रत्यक्षात काठाला जागा उरते ती चिंचोळी. उंच इमारतीभोवती अग्निशमन गाडीसाठी ६ मीटरची वाट मोकळी लागते, भिंतीलगत पावसाळी गटार असते आणि मधल्या पट्टीत आसुपालवाची रांग लावली जाते, कारण तो सरळसोट वाढतो. पेव्हर ब्लॉक थेट बुंध्याला भिडवलेले, दुसरीकडे गटाराची काँक्रीटची बाजू: अशा झाडाचा मुळांचा आधार दोन्ही बाजूंनी तुटतो आणि जोराच्या पावसाळी वाऱ्यात ते आडवे होण्याचा धोका असतो. बुंध्याभोवती किमान मीटरभर माती उघडी ठेवणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

आडोसा केवळ भिंतीने मिळत नाही हे बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये दिसते. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात सिडको या नवी मुंबई वसवणाऱ्या शासकीय महामंडळासाठी आखलेल्या या वसाहतीत सात-सात कमी उंचीची घरे एका अंगणाभोवती आहेत आणि प्रत्येक घराला स्वतःची उघड्या आभाळाखालची जागा आहे. खासगीपणा तिथे घरांच्या मांडणीतूनच येतो. पुढे अनेकांनी घरे वाढवली, काही पाडून नवी बांधली.

खाडीकाठी खारफुटीभोवतीचा ५० मीटरचा पट्टा बांधकामाविना राखावा लागतो. त्याला शोभेची बाग समजू नये.

भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्यास पालिकेची परवानगी) मिळाल्यानंतर बागेची जबाबदारी सोसायटीकडे जाते. झाड सोसायटीच्या आवारातले असले तरी ते तोडायला १९७५च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरील झाडांना वारसा वृक्ष ठरवले.