स्थगित प्रोब व साधनमुक्ती

लिनक्स कर्नेलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, ड्रायव्हर (उपकरण चालवणारा कोड) उपकरणाचा ताबा घेतो त्या टप्प्याला प्रोब म्हणतात. त्या वेळी लागणारा रेग्युलेटर (वीजदाब पुरवणारा), क्लॉक (ताल देणारा संकेत) किंवा जीपीआयओ (चिपची सामान्य संकेत-तार) पुरवणारा दुसरा ड्रायव्हर अजून तयार नसेल, तर प्रोब ‘ईप्रोब डिफर’ (−५१७) ही खूण परत करून, नंतर पुन्हा प्रयत्न व्हावा म्हणून, माघार घेतो; हीच स्थगिती. हा क्रमांक कर्नेलच्या आतच वापरायचा असून वापरकर्त्याच्या प्रोग्रामपर्यंत तो पोहोचू नये, असा संकेत आहे. माघार घेताना तोवर मिळवलेले सारे परत करणे म्हणजे साधनमुक्ती.

ग्रँट लाइक्ली यांनी लिहिलेली स्थगित प्रोबची यंत्रणा २०१२ साली कर्नेलच्या ३.४ आवृत्तीत आली. त्यापूर्वी कोण आधी सुरू होणार हे इनिटकॉलच्या (बूटवेळच्या प्रारंभ-क्रियांच्या) पातळ्यांवर आणि मेकफाइलमधील (कर्नेल बांधण्याच्या सूचनांमधील) क्रमावर ठरे. एआरएम प्रोसेसरच्या बोर्डांची वर्णने डिव्हाइस ट्रीकडे, म्हणजे हार्डवेअरचे वर्णन करणाऱ्या स्वतंत्र तक्त्याकडे, सरकू लागली, त्या सुमारास हा आडाखा अपुरा पडू लागला असावा.

साधने आपोआप सोडणारी ‘डेव्हरेस’ ही सोय स्थगितीवरचा उतारा म्हणून घडली असे वाटणे साहजिक आहे. कालक्रम मात्र उलटा आहे. तेजुन हिओ यांची डेव्हरेस २००७ च्या २.६.२१ आवृत्तीतली, आणि तिचा उगम लिबएटीए (डिस्कच्या) ड्रायव्हरांना आयओमॅप या उपकरणाची मेमरी हाताळण्याच्या पद्धतीवर नेण्याच्या खटाटोपात आहे. प्रत्येक उपकरणामागे मिळवलेल्या साधनांची साखळी ठेवायची आणि प्रोब फसला की ती उलट क्रमाने सोडायची, एवढीच तिची कल्पना. स्थगितीने फरक केला तो वेगळा: क्वचित चालणारी अपयशाची वाट रोजच्या बूटचा भाग झाली, तीही एकाच उपकरणासाठी अनेकदा. कोणताही ड्रायव्हर यशस्वी झाला की थांबलेल्या उपकरणांचा प्रोब पुन्हा करून पाहिला जातो.

म्हणून जुने दोष इथे वेगळ्या रूपात दिसतात. हाताने मागितलेला जीपीआयओ सोडायचा राहिला, तर पहिल्या खेपेला −५१७ आणि दुसऱ्या खेपेला −१६, म्हणजे ‘व्यग्र’, असे उत्तर येते आणि शोध घेणारा भलत्याच ड्रायव्हरवर संशय धरतो. चालू केलेला क्लॉक बंद न करता परतले, तर त्याची गणती एकने वाढलेली राहते आणि तो पुढे कधीच थांबत नाही. डेव्हरेस आणि हाताने लिहिलेली ‘गोटू’ची उतरंड (चूक होताच उडी मारून गाठायच्या साफसफाईच्या पायऱ्या) यांची सरमिसळ याहून घातक ठरते. उतरंडीत बफर मोकळा होतो, पण डेव्हरेसने घेतलेला इंटरप्ट (उपकरणाकडून येणारी हाक) प्रोब संपेपर्यंत जिवंत असतो. मधल्या क्षणी तो आला तर त्याला उत्तर देणारा हँडलर मोकळ्या केलेल्या मेमरीला हात लावतो. हा क्रम राखण्यासाठी स्वतःची मुक्ती-क्रियाही डेव्हरेसच्याच साखळीत नोंदवता येते. त्याहून सोपा उपाय म्हणजे स्थगिती आणू शकणारी साधने प्रोबच्या आरंभीच मागणे.

एका बाबतीत मात्र साधनमुक्ती पुरत नाही. प्रोबने अपत्य-उपकरणे निर्माण केली असतील, तर ती नंतर काढून टाकली तरी −५१७ परत करू नये, असे कर्नेलचे दस्तऐवज बजावतात. अपत्याचा ड्रायव्हर यशस्वी होतो, ते यशच थांबलेल्यांना जागे करते, जनक पुन्हा प्रोब होतो, पुन्हा अपत्य निर्माण करतो, आणि हे चक्र थांबत नाही.

डेव्हरेसने घेतलेली मेमरी उपकरण काढताच जाते, पण वापरकर्त्याने उघडलेली फाइल तिच्याकडे बोट दाखवत राहते, हा कर्नेल-विकासक लॉरां पिंशार यांचा आक्षेप ग्राह्य आहे. तो उपकरण काढतानाचा आहे. स्थगितीच्या वेळी उपकरण सहसा वापरकर्त्याला दिसलेलेच नसते. २०२३ मधील ६.५ आवृत्तीपासून व्हेरिएबलची व्याप्ती (कोडचा तो भाग) संपताच साधन मोकळे करणारे मॅक्रोही आले. डिव्हाइस ट्रीतील तात्पुरते संदर्भ सोडण्यास ते सोयीचे पडतात.

अडलेल्या उपकरणांची यादी डीबगएफएस या दोषशोधाच्या फाइल-प्रणालीतील ‘डिव्हाइसेस डिफर्ड’ या फाइलीत मिळते. डिव्हाइस ट्रीवरून अवलंबित्वे आधीच ओळखणाऱ्या ‘एफडब्ल्यू डेव्हलिंक’मुळे अलीकडे स्थगितीचे प्रसंग घटले आहेत. झेफर या छोट्या उपकरणांसाठीच्या प्रणालीतही स्थगित प्रारंभ आहे. तिथे प्रोग्रामने स्वतः बोलावेपर्यंत उपकरण थांबते.