छिद्रं चार, ऑपरेशन मात्र पूर्ण

पोटात खडा निघाला की नाशकात आधी कुळथाचं पाणी सुरू होतं. मुतखडा बारीक असेल तर लघवीवाटे पडूनही जातो. पित्ताशयातल्या खड्याला ती वाटच नाही. तो नुसताच सोनोग्राफीत दिसला, त्रास काही नाही, तर सहसा हात लावत नाहीत. पण तर्रीदार मिसळीनंतर उजव्या बरगडीखाली कळ उठून पाठीत जात असेल, तर पित्ताशयच काढावं लागतं. नुसते खडे काढले तर पुन्हा होतात.

हे ऑपरेशन दुर्बिणीतून, म्हणजे पोट न उघडता छोट्या छिद्रांतून, पहिल्यांदा 1985 मध्ये जर्मनीत एरिश म्यूहे यांनी केलं, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1990 मध्ये डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी. अपेंडिक्स, हर्निया, अंडाशयातल्या गाठी यांची ऑपरेशनंही आता अशीच होतात.

आदल्या रात्रीचं जेवण हलकं. भूल देण्याआधी सहा तास पोटात काही नको. दुधाचा चहाही जेवणातच धरतात, आणि 'फक्त अर्धा कप घेतला' म्हणून ऑपरेशन पुढे ढकललं जातं. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं.

बेंबीपाशी 10 मिलिमीटरचं छिद्र पाडून, आत जागा व्हावी म्हणून, पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, दाब 12 ते 15 मिलिमीटर पारा. हा वायू पेट घेत नाही आणि रक्तात लगेच विरघळतो. आणखी तीन छिद्रांतून अवजारं जातात. खरी कसोटी पित्ताशयाच्या मानेशी. चरबी सोडवत जायचं, पित्ताशयात शिरणारी एक नळी आणि एक धमनी, एवढंच उरलेलं दिसलं की मगच टायटॅनियमच्या क्लिपा लावून कापायचं. सूज जुनी असेल तर सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं आणि यकृताकडून येणारी मुख्य पित्तनलिकाच चुकून कापली जाऊ शकते. अशा वेळी सर्जनने पोट उघडलं तर ते अपयश नव्हे, शहाणपण आहे.

दुसऱ्या दिवशी खांदा दुखतो, टाके नाहीत तिथे! उरलेला वायू छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला डिवचतो आणि त्या पडद्याची नस मानेतून येते, म्हणून कळ खांद्यात जाणवते. दोन-तीन दिवसांत जाते. डोळे पिवळे झाले, ताप आला किंवा पोटदुखी वाढत गेली तर मात्र त्याच दिवशी परत यावं.

जखमा बोटाच्या पेराएवढ्या, त्यामुळे आठवड्यात माणूस बागेत जातो. द्राक्षावर फवारायचा 16 लिटरचा भरलेला पंप मात्र महिनाभर दुसऱ्याच्या पाठीवर द्यावा. बेंबीच्या छिद्रातून हर्निया होतो तो अशाच वजनानं.