हात्सुउमा उत्सव, कागोशिमा

जपानच्या क्यूशू बेटावर, कागोशिमा प्रांतातील किरिशिमा शहराच्या हायातो भागात कागोशिमा जिंगू हे शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचे, प्राचीन देवस्थान आहे. तेथे वसंताच्या तोंडावर भरणारा हा उत्सव. गळ्यात घुंगरांचे पट्टे आणि पाठीवर कागदी फुलांची उंच आरास असलेले घोडे शामिसेन (तीन तारांचे वाद्य) आणि ढोलाच्या ठेक्यावर पावले टाकत देवळाकडे येतात. त्यांच्या मागून माणसांचे ताफेही नाचत येतात. या नाचाला सुझुकाके-उमा-ओदोरी, म्हणजे घुंगुरवाळ्या घोड्यांचा नाच, असे नाव आहे. परंपरा साडेचारशे वर्षांहून जुनी मानली जाते. अलीकडच्या काळात सुमारे 20 घोडे आणि 2,000 च्या आसपास नाचणारे लोक मिरवणुकीत असतात.

उत्सवाची तिथी मुद्दाम लक्ष देण्याजोगी आहे. एरवी जपानभर हात्सुउमा म्हणजे मुळात जुन्या पंचांगातील दुसऱ्या महिन्याचा पहिला ‘अश्व’ दिवस (त्या पंचांगात बारा प्राण्यांच्या नावांचे दिवस ओळीने येतात). तो धान्यदेवता इनारीचा सण, कारण 711 साली क्योतोच्या फुशिमीत ही देवता याच दिवशी अवतरली अशी श्रद्धा आहे. कागोशिमात मात्र हा हिशेब चालत नाही. तेथे पहिल्या चांद्र महिन्याची 18 तारीख धरतात आणि तिच्यानंतरच्या रविवारी उत्सव करतात. त्यामुळे तो फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो. महिन्याची 18 तारीख हा जपानी बौद्ध परंपरेत कान्नोनचा, म्हणजे अवलोकितेश्वराचा दिवस, आणि उत्सवाची जन्मकथाही कान्नोनचीच आहे. सात्सुमाचा (आजच्या कागोशिमा भागाचे जुने नाव) सरदार शिमाझु ताकाहिसा (1514–71) आगीत जळालेल्या या देवस्थानाच्या पुनर्बांधणीची पाहणी करायला आला आणि रात्री तेथेच मुक्कामाला राहिला. त्याच्या स्वप्नात घोड्याच्या रूपातील देवता आली आणि आपले स्थान येथे उभारावे, आपण या भूमीचे रक्षण करू, असे तिने सांगितले. बांधकामात पुढाकार घेणाऱ्या निश्शू या शिंगोन नावाच्या बौद्ध पंथाच्या भिक्षूलाही त्याच रात्री तेच स्वप्न पडले, असे म्हणतात. ही देवता म्हणजे बातो कान्नोन. मूर्तीत तिचा चेहरा उग्र असतो आणि मुकुटावर घोड्याचे लहानसे मुख असते. भारतीय बौद्ध परंपरेतील हयग्रीवच चीनमार्गे जपानला गेला, आणि तिथल्या खेड्यापाड्यांत घोड्यांचा रक्षक झाला.

मेइजी काळाच्या सुरुवातीला, 1868 च्या सुमारास, शिंतो आणि बौद्ध पूजास्थाने सक्तीने वेगळी करण्यात आली. सात्सुमात तर बौद्ध मंदिरे जवळपास सगळीच मोडली गेली. देशात क्वचितच कुठे इतकी कठोर मोडतोड झाली असेल. तरीही शिंतो देवळातला हा घोड्यांचा नाच टिकला आणि त्याच्याबरोबर कान्नोनची तारीखही टिकली. या उत्सवाचे खरे मोल इथे आहे. जे राजाज्ञेने पुसले गेले, ते शेतकऱ्यांनी आपल्या जनावरांच्या निमित्ताने सांभाळून ठेवले.

शेतकऱ्यांच्या दृष्टीने घोडा हा नांगराचा आणि ओझ्याचा सोबती. त्याला आजारपण येऊ नये, पीक चांगले यावे, घरात सुख असावे, हेच मागणे घेऊन ते देवळात येत. मिरवणुकीत सर्वांत पुढे आइरा शहरातील किझुशी गावचा देवाचा घोडा असतो. हा मान परंपरेने त्या गावाचा. त्याच्यामागे वस्त्या, शाळा, शेतकरी संघ, कंपन्या यांचे ताफे येतात.

घोड्याला उत्सवाच्या आधी बरेच दिवस वाद्यांची सवय करून शिकवावे लागते. लगाम धरणारा माणूस तोंडाशी चालतो. घोडा मान खाली-वर करत पुढचे पाय आळीपाळीने उचलतो, आणि प्रत्येक पावलाला पट्ट्यावरची घुंगरे एकदम वाजतात. शामिसेन थांबली की घोडाही थबकतो. जवळून पाहिले तर ताल नेमका कोण धरतो आहे, घोडा की वादक, हे सांगणे कठीण जाते.

देवळाच्या वाटेवर दोन पारंपरिक खेळणी मिळतात. पोनपाची हा डमरूसारखा छोटा कागदी ढोल आहे. दांडा फिरवला की दोऱ्याला बांधलेले दाणे त्याच्यावर आपटतात. दुसरी ताइगुरुमा, म्हणजे चाकांवरचा लाल लाकडी मासा. देवळाचा मुख्य देव हिकोहोहोदेमी याने थोरल्या भावाचा गळ समुद्रात हरवला, तो एका माशाच्या घशात सापडला, अशी पुराणकथा आहे. हा मासा त्याच कथेतला.

क्यूशूतच मियाझाकी प्रांतात पूर्वी शानशान-उमा ही प्रथा होती. तिथे नवरी सजवलेल्या घोड्यावर बसे, नवरा लगाम धरून चाले, आणि दोघे उदो देवस्थानाच्या दर्शनाला जात. उत्तरेला इवाते प्रांतात जूनमध्ये चागुचागु उमाक्को हा घोड्यांचा उत्सव होतो. त्यात घोडे नाचत नाहीत, ताकिझावाहून मोरिओकापर्यंत सुमारे 14 किलोमीटर चालतात. 1996 मध्ये जपान सरकारने जतन करण्याजोगे 100 ध्वनी निवडले, त्यांत या घोड्यांच्या घंटांचा आवाज आहे.

ट्रॅक्टर आल्यापासून कागोशिमाच्या शेतांतून घोडा जवळपास नाहीसा झाला. आता नाचणारे बरेच घोडे याच कामासाठी पाळलेले असतात.