दारुहळदीचा साथीदार

रूट कॅनाल केलेली दाढ काही वर्षांनी पुन्हा ठणकू लागली, तर आत ‘एन्टेरोकॉकस फीकॅलिस’ हा जिवाणू सापडण्याची शक्यता बरीच असते. भलताच चिवट प्राणी. दाताच्या आतल्या, एक ते तीन मायक्रॉन रुंदीच्या नळ्यांमध्ये तो उपाशीपोटी दीर्घकाळ तग धरतो. निर्जंतुकीकरणासाठी दातात भरलेलं कॅल्शियम हायड्रॉक्साइडही तो बऱ्याचदा पचवतो. गोळ्यांचाही तिथे फारसा उपयोग नाही, कारण मृत दाताच्या पोकळीत रक्तपुरवठाच नसतो. औषध पोहोचणार कसं? शिवाय हे जिवाणू स्वतःच स्रवलेल्या चिकट थरात, म्हणजे बायोफिल्ममध्ये, दाटीवाटीने राहतात.

म्हणून संशोधक वनस्पतींकडे वळले. ओव्यातलं थायमॉल आणि लवंगेतलं युजेनॉल जिवाणूंचं पेशीपटल खिळखिळं करतात. प्रयोगशाळेतल्या बशीत हे छान दिसतं, आणि बातम्या तिथेच थांबतात! खरी अडचण मात्रेची आहे. प्रतिजैविक मिलिलिटरला काही मायक्रोग्रॅम पुरतं, तिथे वनस्पतिज रसायन अनेकदा शेकड्यांनी लागतं. तेवढ्या युजेनॉलने आपल्याच पेशींना इजा होऊ शकते. लवंगेचं तेल हिरडीवर चोळून ती भाजून घेणारे असतातच.

मग झाडं स्वतःचं रक्षण कसं करतात? याचा सुंदर धागा २००० साली अमेरिकेत फ्रँक स्टर्मिट्झ आणि किम लुईस यांच्या गटाला दारुहळदीच्या कुळात मिळाला. या झुडपांतलं पिवळंधमक बर्बेरिन जिवाणूला मारक असतं, पण ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस’ हा जिवाणू ते आपल्या पेशीपटलातल्या ‘नॉर-ए’ नावाच्या पंपाने बाहेर फेकतो. त्याच झुडपांत मेथॉक्सिहिड्नोकार्पिन नावाचं दुसरं रसायन सापडलं. एकटं ते जिवाणूचं काहीच बिघडवत नाही. पण ते पंप बंद पाडतं, आणि मग बर्बेरिन आतच साचून आपलं काम करतं.

हा प्रयोग दातांवरचा नव्हता, हे खरं. मात्र फीकॅलिसकडेही याच घराण्यातला ‘एमे-ए’ पंप आहे. त्यामुळे मला नव्या ‘हर्बल प्रतिजैविका’पेक्षा पंपबंद रसायनं जास्त आशादायक वाटतात. झाडातून एकच ‘गुणकारी’ घटक वेगळा काढण्याच्या नादात असे साथीदार चाळणीतून सहज निसटतात, कारण चाचणीत त्यांचा एकट्याचा गुण शून्य येतो.